पळायचं आहे ते कशापासून? कॉटेजकोर आणि उन्हाळा २०२१ च्या अंदाजाचा प्रकरण अभ्यास

जुलै २०२० मध्ये बसून फेब्रुवारी २०२१ ला दुकानात काय टांगायचं हे ठरवणं, ही या प्रकरणातली परिस्थिती. तारखा, घटना आणि बाजारातली नावं खरी आहेत. उत्पादक मात्र नमुन्यादाखल घेतला आहे: बायकांचे ड्रेस आणि चादरी-अभ्रे करणारा, मध्यम आवाक्याचा, एका कल्पनेवर मोसमाला ३,००० ड्रेस शिवणारा. त्याच्यासमोर कॉटेजकोर नावाचा ट्रेंड आहे. फुलाफुलांचे सैल ड्रेस, फुग्याच्या बाह्या, घरी भाजलेला पाव, खिडकीत वाळणारी रानफुलं, असं त्याचं एकंदर चित्र. हे नाव २०१८ च्या सुमारास टम्बलर या ब्लॉगच्या साइटवर रुळलं आणि २०२० च्या वसंतात घराघरांत पोचलं.

पलायनाच्या ओढीतून येणाऱ्या ट्रेंडचा अंदाज बांधताना बहुतेक टीम मूडबोर्डवर, म्हणजे कल्पना मांडायच्या चित्रांच्या फळ्यावर, आधी ठिकाण चिकटवतात. शेत, समुद्र, चंद्र, परीकथेतलं जंगल. आमच्या मते अंदाज तिथेच घसरतो. ठिकाण ही सगळ्यात चंचल गोष्ट आहे, मोसमागणिक ते बदलू शकतं. आधी शोधायचा तो दाब, म्हणजे लोकांना नेमकं कशापासून सुटायचं आहे ते. कपड्याचा आकार, वजन आणि पोत तो दाब ठरवतो, आणि ट्रेंड कधी ओसरेल हेही त्यावरच कळतं.

इतिहासात याचे ठसठशीत दाखले आहेत. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी फ्रेंच डिझायनर क्रिस्तियान दिओर यांनी मांडलेल्या घेरदार स्कर्टांमागे युद्धकाळातली कापडटंचाई होती. ब्रिटनमध्ये तर कपड्यांचं रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चाललं. टंचाईपासून सुटका हवी होती, म्हणून मीटरच्या मीटर कापड. याउलट व्हर्सायमध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतने १७८३ पासून खोटंखोटं खेडं बांधायला घेतलं, आणि त्याच वर्षी चित्रकार विजे-ल ब्रन यांनी तिचं साध्या पांढऱ्या मलमलीतलं चित्र प्रदर्शनात लावलं. राणीला हे शोभत नाही अशी ओरड झाली आणि चित्र उतरवून त्या जागी रेशमी पोशाखातलं दुसरं लावावं लागलं. तिथे दाब होता तो दरबारी शिष्टाचाराचा आणि जडशीळ पोशाखांचा, म्हणून कापड हलकं झालं आणि शरीराला मोकळीक मिळाली. २०२० चा खेडूत ड्रेस या चित्रासारखा दिसला, तरी त्यामागचा दाब निराळा होता. दिसणं जुळलं की कारणही जुळलं असं धरून चालणं हा या कामातला नेहमीचा सापळा आहे.

हातात किती वेळ होता

माल दुकानात हवा १५ फेब्रुवारी २०२१ ला. तिथून उलटं मोजायचं. समुद्रमार्गे वाहतूक ५ आठवडे, म्हणजे माल ११ जानेवारीला निघायला हवा. कटिंग, शिलाई, पॅकिंगला ७ आठवडे, म्हणजे कापड २३ नोव्हेंबरला टेबलावर. कापड विणून-छापून यायला ८ आठवडे, म्हणजे ऑर्डर २८ सप्टेंबरला. सॅम्पल, फिटिंग आणि रंगांचे लॅब डिप (प्रयोगशाळेत रंगवलेले नमुन्याचे तुकडे) यांना १० आठवडे. हिशेब येऊन थांबतो २० जुलै २०२० वर. त्या दिवशी कल्पना पक्की झालेली हवी.

यातले वाहतुकीचे ५ आठवडे हा कोविड महासाथीच्या आधीचा आकडा आहे. २०२० च्या अखेरीस कंटेनरची टंचाई झाली आणि तो आकडा कोलमडला. वेळापत्रकात २ आठवड्यांची सूट धरायची तर ती वाहतुकीच्या रकान्यात धरावी. सॅम्पलच्या रकान्यात धरलेली सूट डिझायनर वापरून टाकतात.

खुणा गोळा करणं आणि त्यांना वजन देणं

खुणांची वही साधी असावी: तारीख, कुठे दिसलं, कोणी केलं, आणि त्या माणसाने त्यासाठी काय खर्च केलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. हॅशटॅगखालचा व्हिडिओ बघायला काही सेकंद पुरतात, म्हणून त्याला १ गुण. चित्र जतन करून ठेवलं तर २. वेळ घालवून स्वतः काही केलं तर ४. पूर्ण किमतीला विकत घेतलं तर ५. या गुणांना शास्त्राचा आधार नाही. पण त्यामुळे टीममधला वाद लोकांना काय आवडलंय यावरून लोक काय मोजायला तयार आहेत याकडे वळतो.

या पट्टीवर २०२० चा वसंत लख्ख दिसतो. २० मार्चला ॲनिमल क्रॉसिंगचा नवा व्हिडिओ गेम आला. निर्जन बेटावर घर बांधायचं, फळं तोडायची, मासे धरायचे. ३१ मार्चपर्यंत त्याच्या १ कोटी १७ लाखांहून जास्त प्रती खपल्या. अमेरिकेत बर्पी ही १८७६ पासूनची बियाणे कंपनी. मार्चमध्ये तिची बियाण्यांची विक्री तिच्या इतिहासात कधी नव्हती इतकी झाली. ब्रिटन-अमेरिकेत दुकानांतलं पीठ आणि यीस्ट संपलं. बी पेरणं आणि पाव भाजणं ही दोन्ही कामं वेळखाऊ, म्हणजे ४ गुणांची. फॅशनबाहेरच्या तीन वेगळ्या क्षेत्रांत एकाच ओढीची खूण मिळाली, की फॅशनमधल्या खुणेवर भरवसा ठेवता येतो. तिन्ही खुणा इन्स्टाग्रामवरच्याच असतील तर ती एकच खूण मानावी.

एक खूण उलटी होती आणि ती अनेकांना गोंधळात टाकू शकली असती. लॉरा ॲशली ही ब्रिटिश कंपनी म्हणजे फुलाफुलांच्या खेडूत कपड्यांचं जणू दुसरं नाव. १९५३ मध्ये लंडनमधल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर कापड छापण्यापासून तिची सुरुवात झाली. ती कंपनी मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. यावरून 'हा लूक संपला' असा निष्कर्ष निघू शकत होता. पण कंपनी आधीपासून तोट्यात होती, आणि दुकानांचा डोलारा पेलवेनासा होणं ही लूकच्या मागणीपेक्षा वेगळी बाब आहे. बुडालेल्या कंपनीकडे बघताना तिची उत्पादनं तिच्या दुकानांबाहेर, जुन्या कपड्यांच्या बाजारात कशी जात आहेत ते तपासावं.

गुगल ट्रेंड्सबद्दल दोन गोष्टी. तिथला आकडा ० ते १०० असा सापेक्ष असतो. निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला सर्वोच्च बिंदू म्हणजे १००. त्यामुळे बारा महिन्यांच्या आलेखात डोंगर दिसणारी गोष्ट पाच वर्षांच्या आलेखात टेकाड निघू शकते. दोन्ही काढून शेजारी ठेवावेत. दुसरं म्हणजे ट्रेंडचं नाव आणि वस्तूचं नाव वेगवेगळं शोधावं. 'कॉटेजकोर' चढतंय पण 'स्मॉक्ड ड्रेस' (छातीवर चुण्यांचा), 'फुगा बाही', 'लिननची चादर' हे शब्द जागचे हलत नाहीत, असं असेल तर लोक लेख वाचताहेत, कपडे घेत नाहीत.

दाबापासून कपड्यापर्यंत

जुलैपर्यंत चार दाब वेगळे काढता येत होते, आणि प्रत्येकातून कपड्याचा एक गुण निघत होता.

सगळा दिवस एकाच खोलीत जातो, म्हणून कपड्यात हवा खेळायला हवी. सगळा दिवस स्क्रीनसमोर जातो, म्हणून हाताला काहीतरी लागायला हवं: गाठी असलेला धागा, सीअरसकर कापडाच्या विणीतल्या सुरकुत्या, उठावाची भरतकामं. काही करता येत नाही ही असहायता आहे, म्हणून हाताने केल्याची खूण हवीशी वाटते. चौथा दाब बहुतेकांच्या नजरेतून सुटला. झोप, काम, जेवण सगळं एकाच जागी आल्यामुळे दिवसाला आकार उरला नव्हता. झोपेतून उठून थेट व्हिडिओ कॉलला बसता येईल आणि तरी नीटनेटकं दिसेल असा कपडा हवा होता. हिल हाउस होम ही मुळात चादरी-अभ्रे विकणारी कंपनी. छातीवर बारीक चुण्या घातलेला तिचा 'नॅप ड्रेस' २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये हातोहात खपला. तो बिछान्याच्या धंद्यातून आला याकडे फॅशनवाल्यांनी अधिक गांभीर्याने पाहायला हवं होतं.

व्हिडिओ कॉलची चौकट हाही मोजमापाचा भाग आहे. त्या चौकटीत गळा, खांदे, बाह्या आणि छाती दिसते, खालची झालर दिसत नाही. म्हणून खर्चाचं काम वर हवं: बाहीचा फुगा, गळ्याची पट्टी, चुण्यांची कुडी (ड्रेसचा वरचा भाग). खाली घेर असावा, पण तो चालता-बसताना अंगाला सुख देण्यापुरता.

यानंतरचा प्रश्न प्रत्येक गुणाला विचारायचा: दाब उठला तर हा गुण उरेल का? मोकळी कुडी, इलॅस्टिक, सुती पोत हे उरतात, कारण शरीराला लागलेली सवय सहज सुटत नाही. दोऱ्या बांधायचा गवळणी गळा, टोपी, एप्रन जातात. ३,००० पैकी कशाला किती, हे या एका प्रश्नावर ठरलं.

या लुकाशी निगडित टीकाही बोर्डावर लिहून ठेवायला हवी होती. प्रेअरी ड्रेस, म्हणजे माळरानावरच्या वस्त्यांतला लांब, झालरींचा ड्रेस, अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या जमिनीवर वसाहत करणाऱ्यांच्या आठवणीशी जोडलेला आहे, आणि राबणाऱ्या खेड्याला सुट्टीचं ठिकाण बनवणं अनेकांना खटकलं. शिवाय या ट्रेंडला ऑनलाइन वाढवणाऱ्यांत समलिंगी तरुणींचा मोठा वाटा होता. जाहिरातीत फक्त सडपातळ गोऱ्या मुली गव्हाच्या शेतात उभ्या केल्या तर ज्यांनी ट्रेंड उभा केला तेच ग्राहक दुरावतात.

ड्रेस, सेंटीमीटरमध्ये

कुडी चुण्यांची, खाली तीन झालरी, लांबी सुमारे १२० सेंमी. चुण्यांची कुडी निवडण्याचं व्यापारी कारणही मोठं आहे: ती ताणते, म्हणून सहाऐवजी तीन साइझमध्ये भागतं. दोन रंग आणि तीन साइझ म्हणजे सहा प्रकार. ३,००० पैकी साध्या रंगातले १,८०० ड्रेस त्यात वाटले तर प्रत्येकी ३००. सहा साइझ केल्या असत्या तर बारा प्रकार, प्रत्येकी १५०, आणि टोकाच्या साइझचा माल पडून राहण्याची भीती कितीतरी जास्त.

चुण्यांसाठी वर साधा दोरा आणि बॉबिनमध्ये (मशीनच्या खालच्या रिळात) इलॅस्टिकचा दोरा, टाका ३.५ ते ४ मिमी, दोन ओळींत १ सेंमी अंतर. बॉबिन हाताने भरायची आणि भरताना इलॅस्टिक ताणायचं नाही. ताणून भरलं तर शिवतानाच त्याची ओढ संपलेली असते आणि चुण्या उमटत नाहीत. शेवटी वाफ दिली की कापड आणखी आवळतं. कापड साधारण १२०-१३० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) वर गेलं की चुण्या जाड, आखडलेल्या दिसतात. व्हॉइल किंवा हलकी पॉपलिन अशी पातळ कापडं बरी. कारखान्यात हेच काम अनेक सुयांच्या मशीनवर होतं आणि तिथली ओढ वेगळी असते. सॅम्पल एका सुईच्या मशीनवर मंजूर केलं आणि माल दुसरीकडे शिवला, तर कुडी काही सेंटीमीटरने सैल किंवा घट्ट येते. मंजुरी त्याच मशीनवरच्या तुकड्याला द्यावी, आणि ४० अंशांच्या पाण्यात पाच धुण्यांनंतर पुन्हा मोजून.

२०२० च्या वसंतात घरोघरी मास्क शिवले जात होते, त्यामुळे बारीक पट्टीचं इलॅस्टिक अनेक ठिकाणी मिळेनासं झालं. म्हणून बाहीच्या पट्टीचं इलॅस्टिक कापडाच्याही आधी मागवून ठेवायला हवं होतं.

झालरींचं गणित: पहिली १२० सेंमी, प्रत्येक पुढची दीडपट, म्हणजे १८० आणि २७०. पहिली १२० च्या खाली नेऊ नये. सैल असताना कुडीचा घेर ७६ सेंमीच्या आसपास असला तरी अंगात चढवताना ती ११०-११५ पर्यंत ताणावी लागते, आणि झालर तोकडी असेल तर जोडाची शिवण तिथेच उसवते.

कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, १४० सेंमी असेल तर २७० ची झालर दोन तुकड्यांत बसते: २८० वजा शिवणीचे ४, म्हणजे २७६. पण नमुन्याच्या पट्टीवर १४० लिहिलेलं कापड काठ सोडून १३४ च निघणं ही रोजची गोष्ट आहे. मग दोन तुकड्यांचे २६४ होतात आणि ६ सेंमी कमी पडतात. कटिंगवाला तिसरा तुकडा घेतो. ४० सेंमी उंचीची झालर, मुडपीसकट ४४. प्रत्येक ड्रेसमागे ४४ सेंमी कापड वाढलं की ३,००० ड्रेसना १,३२० मीटर जास्त लागतं. उपाय सोपा आहे पण तो पॅटर्न पक्का होण्याआधी करावा लागतो: दीडपटीऐवजी १.४५ पट. १२०, १७४, २५२. डोळ्याला फरक कळत नाही. पन्हा कापडाच्या थानावर, काठाच्या आत, तीन ठिकाणी मोजावा.

छपाई

बारीक फुलांची निवड फक्त मूडबोर्डवरून झाली नव्हती. दीडपट चुणीत ६ सेंमीचं फूल घडीत गडप होतं आणि उरतात नुसते रंगाचे डाग. दीड-दोन सेंमीचं फूल वाचता येतं. रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या नळीसारख्या स्क्रीनने होणाऱ्या छपाईत, स्क्रीनचा परीघ साधारण ६४ सेंमी, म्हणून नक्षीची पुनरावृत्ती ६४ ला भाग जाणारी हवी: ८, १६, ३२. डिझायनरने २० सेंमीची काढली तर ती २१.३ पर्यंत ओढावी लागते आणि देठ-पानांची प्रमाणं बिघडतात. सगळी फुलं एकाच दिशेला वाढत असतील तर कापताना तुकडे उलटे ठेवता येत नाहीत आणि कापड जास्त जातं. फुलं दोन्ही दिशांना विखुरावीत.

घराच्या मालाचं वेळापत्रक वेगळं, सावकाश. चादर किंवा पडदा माणूस दर मोसमाला बदलत नाही, म्हणून तिथे नक्षीला अधिक वाव देता येतो. इंग्लिश नक्षीकार विल्यम मॉरिस यांचं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे १८८३ चं कापड, निळीत रंगवून मग रंग काढण्याच्या पद्धतीने छापलेलं, आजही पडद्यांवर चालतं. त्यामागेही कारखानदारीच्या कुरूपतेपासूनची सुटका होती. एखादा दाब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो असा.

ऑगस्टमधली स्ट्रॉबेरी

२० जुलैला कल्पना पक्की झाली आणि ऑगस्टमध्ये एका ड्रेसने सगळीकडे धुमाकूळ घातला. डिझायनर लिरिका मातोशी यांचा गुलाबी जाळीचा, चमकीच्या स्ट्रॉबेऱ्यांचा, ४९० डॉलरचा ड्रेस. तोच ड्रेस जानेवारीत ग्रॅमी सोहळ्यात मॉडेल टेस हॉलिडे यांनी घातला होता तेव्हा त्याला नावं ठेवली गेली होती. सहा-सात महिन्यांत ड्रेस तोच राहिला, बघणाऱ्यांवरचा दाब बदलला.

अशा वेळी कापडाची ऑर्डर अजून गेलेली नसते आणि 'सगळ्यात स्ट्रॉबेरी टाका' असा आग्रह होतो. तो मानू नये. एका चित्रावर उभी असलेली लाट सहा महिने टिकेल याची खूण नव्हती, आणि छापील स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत नक्कल म्हणूनच ओळखली गेली असती. वाटणी अशी राहिली: १,८०० साध्या रंगातले ड्रेस, ९०० बारीक फुलांचे, आणि ३०० खुले, शेवटच्या क्षणी ठरवायचे. स्ट्रॉबेरी हवीच तर उशीच्या अभ्र्यावर, डिजिटल छपाईने. तिथे स्क्रीन कोरण्याचा खर्च नसतो, म्हणून थोडं छापून थांबता येतं.

दाब हलला तेव्हा

८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये चाचण्यांबाहेर पहिली लस टोचली गेली. कटिंग दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालं होतं. याच महिन्यात रंगांची प्रमाणित यादी करणाऱ्या पँटोन कंपनीने २०२१ साठी दोन रंग जाहीर केले: अल्टिमेट ग्रे १७-५१०४ आणि इल्युमिनेटिंग पिवळा १३-०६४७. लस ही पहिल्या आणि चौथ्या दाबावरची थेट बातमी होती: खोलीचं दार उघडणार, दिवसाला आकार येणार. पहिल्या लॉटला हात लावायची गरज नव्हती, त्यातला बहुतेक माल टिकणाऱ्या गुणांवर बेतलेला होता. प्रश्न फक्त फुलांच्या दुसऱ्या लॉटचा होता, आणि तो आपोआप होऊ द्यायचा नव्हता. नियम आधीच लिहिलेला हवा: पहिल्या तीन आठवड्यांत पूर्ण किमतीला निम्मा माल गेला तरच पुन्हा छपाई.

तो लॉट मार्चमध्ये समुद्रात असता तर काय झालं असतं तेही बघण्यासारखं आहे. २३ ते २९ मार्च २०२१ एव्हर गिव्हन जहाजाने सुएझ कालवा अडवला. त्या आठवड्यात अडकलेला साधा ड्रेस उशिरा पोचूनही विकला जातो. फुलांचा ड्रेस पोचेपर्यंत उन्हाळ्याची नजर आखूड टॉप, उघडी कंबर, चकाकी यांकडे गेलेली होती. घाईचा माल जवळ शिवावा किंवा हवाईमार्गे आणावा, आणि तो खर्च परवडत नसेल तर शिवूच नये.

उरले ते ३०० खुले ड्रेस. एका ड्रेसला पावणेतीन मीटर धरून ८२५ मीटर कापड कोरं, न रंगवलेलं ठेवलेलं. जानेवारीत वस्तूंचे शब्द पुन्हा तपासायचे. पार्टी, लग्न, प्रवास यांचे कपडे चढू लागले असतील तर भडक रंग, नसतील तर दुधी किंवा ओटचा रंग. जाहीर झालेला पिवळा सरळ उचलू नये. तो एकाच वेळी सगळ्यांच्या दुकानात येतो, आणि अंगावर तो चादरीइतका सहज खुलत नाही. लॅब डिप डी६५ आणि टीएल८४ अशा दोन्ही दिव्यांखाली बघायचं, कारण दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग दुकानाच्या ट्यूबखाली हिरवट पडू शकतो. आणि वेळ वाचवायला ड्रेस शिवून मग रंगवायचा मोह टाळायचा. चुण्यांच्या आत रंग नीट शिरत नाही, तिथे फिकट रेषा राहतात, आणि गरम पाण्यात इलॅस्टिक सैल पडतं. कापड थानातच रंगवायचं, आटलेलं मोजायचं, पन्हा पुन्हा तपासायचा आणि मगच कटिंगला द्यायचं.